किट परत करा, साप दुरून बघा

उन्हाळा जवळ आला की दवाखान्यात एक ठरावीक मंडळी दिसू लागतात. मुलगा फिनिक्सला किंवा मुलगी सॅन होजेला, व्हिसा झालेला, तिकिटं काढलेली, आता सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून हव्या असतात. उठता उठता एक प्रश्न येतो. "डॉक्टर, मुलं ग्रँड कॅन्यनला तंबूत राहायला नेणार आहेत. तिकडे ते शेपटीला खुळखुळा असलेले साप असतात म्हणे. सापाचं एखादं इंजेक्शन बरोबर देऊन ठेवता का?" तिकडे मुलाने तोवर 'स्नेकबाइट किट' मागवलेलंही असतं. त्यात विष ओढून काढायचा छोटा पंप, एक पातं आणि एक दोरी असते.

तुम्हीही याच तयारीत असाल तर माझं उत्तर आधीच सांगतो. इंजेक्शन मिळणार नाही. किट परत करा. आणि साप दिसलाच तर स्वतःला नशीबवान समजा, कारण तो सहजासहजी दिसत नाही. मात्र ज्याबद्दल तुम्ही एक अक्षरही विचारलं नाही, त्या तिथल्या उन्हाबद्दल आणि तुमच्या रोजच्या बीपीच्या गोळीबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

आधी सापाचं बघू. रॅटलस्नेक हा आपल्या घोणशीच्याच मोठ्या घराण्यातला. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. त्या खळग्याने त्याला उंदराच्या अंगातली ऊब अंधारातही कळते. असे खळगे आपल्या कोकणात आणि घाटात सापडणाऱ्या चापड्यालाही असतात. शेपटीचा खुळखुळा म्हणजे आपल्या नखांसारख्याच पदार्थाच्या पोकळ कड्या. प्रत्येक वेळी कात टाकली की एक कडी वाढते आणि टोकाच्या कड्या झिजून तुटतात. त्यामुळे कड्या मोजून वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हा खुळखुळा सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा हलू शकतो. आपल्याकडची घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, फुरसं अंगावरचे खवले घासून करवतीसारखा आवाज काढतं. तिघांचं म्हणणं एकच असतं: मी इथे आहे, पाय टाकू नकोस.

ज्याला हल्ला करायचा आहे तो आधी घंटा वाजवत नाही. रॅटलस्नेकचं विष हे त्याचं जेवण मिळवण्याचं साधन आहे. ते तयार करायला शरीराला खर्च येतो, आणि माणूस त्याला गिळता येत नाही. म्हणून दर चार-पाच दंशांपैकी एखाद्यात तो विष सोडतच नाही. बहुतेक वेळा तर तो आवाजही न करता दगडाच्या सावलीत पडून राहतो आणि तुम्ही दोन हातांवरून निघून जाता. ग्रँड कॅन्यनच्या आतल्या भागात या सापाची एक गुलाबीसर जात आहे. ती तिथल्या दगडात अशी मिसळून जाते की समोर बोट दाखवलं तरी सापडायला वेळ लागतो.

आता आकडे. अमेरिकेत वर्षाला साधारण सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात. मृत्यू होतात पाचेक. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. हा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. इथे हमखास कोणीतरी म्हणतं, "मग आमची भीती बरोबरच की! आम्ही सापांच्या देशातले."

भीती बरोबर आहे, पण तिचा पत्ता चुकला आहे. घोणस चावली की सूज येते, रक्त गोठेनासं होतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. रॅटलस्नेक चावला तरी सूज, फोड, मांस सडणं, रक्त न गोठणं हेच होतं. काही जातींत मज्जासंस्थेवरही परिणाम होतो. म्हणजे तो काही बिनविषारी गरीब जीव नव्हे. तरी तिथे माणूस वाचतो आणि इथे मरतो, याचं मोठं कारण सापाच्या तोंडात नाही. आपल्याकडे अनवाणी पायाने भातलावणी होते. जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते आणि सकाळपर्यंत कळतही नाही. मग आधी मांत्रिक, मग गावातलं औषध, मग तालुक्याला लस आहे की नाही याचा शोध, आणि मग जिल्ह्याला. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं म्हटलं आहे. ते साप मारून होणार नाही. बूट, मच्छरदाणी, गाडी आणि लस वेळेत पोचवून होईल.

म्हणजे तुम्ही ज्या कॅन्यनमध्ये चालला आहात तिथे बूट तुमच्या पायात असतील, तंबूला चेन असेल आणि इस्पितळात औषध असेल. तिथे सापाचा धोका वाढवायला उरतो तो एकच घटक: तुमचा स्वतःचा हात.

हे मी उगाच म्हणत नाही. ॲरिझोनातल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रॅटलस्नेक चावलेल्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला साप दिसलाच नव्हता, किंवा दिसताच ते मागे सरकत होते. दुसऱ्या गटाने साप पाहिला होता, ओळखला होता, आणि तरी ते दूर गेले नव्हते. त्याला डिवचत होते, उचलत होते, मारत होते. हा दुसरा गट निम्म्याहून मोठा निघाला. त्यात दारू प्यायलेलेही बरेच होते. असे दंश पायावर होत नाहीत, हाताला आणि बोटांना होतात. बोटात सूज यायला जागाच नसते, म्हणून तिथलं नुकसान जास्त आणि कायमचं असतं.

आपल्याकडे याला रील नावाचं नवं खतपाणी मिळालं आहे. गळ्यात नाग घालून, फण्याचं चुंबन घेऊन फोटो काढणाऱ्याला लोक सर्पमित्र म्हणतात. खरा सर्पमित्र हुक आणि पिशवी घेऊन येतो, गर्दी मागे सारतो, साप सोडून देतो आणि निघून जातो. त्याचा व्हिडिओ कंटाळवाणा असतो आणि म्हणूनच कोणी बघत नाही. आपल्या मुलांनी हे असले चुंबनाचे व्हिडिओ लहानपणापासून पाहिलेले आहेत. ती मुलं ॲरिझोनात गेली म्हणून शहाणी होत नाहीत. फोन लांब काठीला लावून सापाच्या तोंडाशी नेणारा संगणक अभियंता आणि दारूच्या नशेत शेपटी धरणारा तिथला गडी, सापाच्या दृष्टीने दोघे सारखेच.

साप मारणाऱ्यांनाही सांगतो. राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राण्याला मारणं किंवा छळणं हा गुन्हा आहे, हे एक. दुसरं, मेलेला साप चावतो. डोकं वेगळं केल्यावरही काही काळ जबडा मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया शिल्लक राहते आणि विषाची पिशवी भरलेलीच असते. मेला असं समजून उचललेल्या रॅटलस्नेकच्या दंशाचे रुग्ण तिथल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेले आहेत. आणखी एक लाडका समज म्हणजे, पिल्लू जास्त घातक कारण त्याला विष आवरता येत नाही. उलट आहे. मोठ्या सापाकडे विष कितीतरी जास्त असतं.

आता त्या किटकडे वळू, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. चावलेल्या जागी चीर देऊन, पंप लावून विष ओढायचं ही कल्पना सिनेमात शोभते. २००४ मध्ये एका अभ्यासात स्वयंसेवकांच्या पायात विषासारखं निरुपद्रवी द्रव टोचून असाच पंप लावला. पंपात लालसर पाणी आलं, पण त्यात टोचलेल्या द्रवाचा अंश जवळपास नव्हताच. रक्ताळलेलं पाणी पाहून माणसाला वाटतं, विष निघालं. मग तो गाडीत बसायची घाई करत नाही. किटचं नुकसान तिथे आहे. पात्याने नस, कंडरा तुटते, जखम चिघळते. दोरी आवळली की विष एका जागी कोंडलं जातं, रक्तपुरवठा थांबतो, आणि जो पाय वाचला असता तो कापायची वेळ येते. बर्फ लावणं, विजेचा झटका देणं, दारू पाजणं, तोंडाने चोखणं, सगळं एकाच पोत्यात घालून फेकून द्या. ऑस्ट्रेलियात सांगतात ती पूर्ण हातपाय घट्ट गुंडाळायची पट्टीसुद्धा रॅटलस्नेकसाठी नको, असं अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

मग करायचं काय? सापापासून दूर व्हा. अंगठी, बांगडी, घड्याळ, घट्ट बूट लगेच काढा, कारण पंधरा मिनिटांनी ते निघणार नाहीत. हात किंवा पाय आरामात, साधारण हृदयाच्या पातळीला ठेवा. सूज कुठवर आली आहे तिथे पेनाने रेघ मारून वेळ लिहा. इस्पितळातल्या डॉक्टरांना या एका रेघेचा फार उपयोग होतो. ९११ ला फोन करा. विषबाधा केंद्राचा अमेरिकाभर चालणारा नंबर १-८००-२२२-१२२२ आहे, तो फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा. घळीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घ्या. किटचे पैसे तिकडे लावा. सापाची जात ओळखायला त्याच्यामागे जाऊ नका. तिथल्या सगळ्या रॅटलस्नेकना एकच औषध चालतं. सूज दिसली नाही तरी इस्पितळात जायचंच, काही तास देखरेखीखाली राहायचं.

आणि ते इंजेक्शन मी का देत नाही? कारण आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनते. रॅटलस्नेकवर ती चालत नाही. आपल्याच घाटातल्या चापड्यावरसुद्धा ती चालत नाही. शिवाय ही लस शिरेतून द्यायची असते, तिची जोरदार ॲलर्जी येऊ शकते, ती आवरायला ॲड्रेनलिन आणि माणसं जवळ लागतात. तंबूत बॅटरीच्या उजेडात टोचायची ही वस्तू नव्हे.

तिकडची औषधं वेगळी आहेत, चांगली आहेत आणि प्रचंड महाग आहेत. एका कुपीला हजारो डॉलर पडतात आणि सुरुवातीलाच अनेक कुप्या लागतात. सर्पदंशाची लाख डॉलरच्या वर गेलेली बिलं तिथल्या वर्तमानपत्रांत छापून आली आहेत. म्हणून आई-वडिलांना नेणाऱ्या मुलांना सांगतो, स्वस्तातला विमा घेऊ नका. काही पॉलिसी प्रत्येक गोष्टीला ठरावीक तुटपुंजी रक्कमच देतात, बाकी तुमच्या खिशातून. कागद वाचून घ्या. आणखी एक गोष्ट, जी घाईत राहून जाते: उपचारानंतर घरी सोडलं तरी काही दिवसांनी रक्त गोठण्याची क्रिया पुन्हा बिघडू शकते. म्हणून दोन-तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याच्या आत रक्त तपासायचं असतं. परतीचं विमान त्या आधीचं असेल तर पुढे ढकला, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा दुखण्याची गोळी घेऊ नका.

सापावर इतकं बोललो ते तुमच्या समाधानासाठी. कॅन्यन माणसाला जिथे खरोखर गाठते ती जागा वेगळी आहे. तिथे दरवर्षी अडीचशेच्या वर लोकांना सोडवून आणावं लागतं, आणि त्यांच्यामागे साप लागलेला नसतो. ही उलटी टेकडी आहे. सिंहगडाला आधी चढ असतो, दमलात की मागे फिरता. इथे आधी उतार. दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटर उंचीवर, सकाळी स्वेटर घालावासा वाटतो. ब्राइट एंजल वाटेने "जरा खाली जाऊन फोटो काढू" म्हणत तासभर उतरता, पाय हलके असतात. मग परतीचा चढ भर दुपारी. नदीकाठी तळाला उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो आणि तुम्हाला वाटतं, मला घामच येत नाही. पार्कवाले उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका म्हणून बोंबलून सांगतात.

आता तुमच्या डबीतल्या गोळ्या बघा. टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं औषध, मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल, मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यातलं पहिलं आणि शेवटचं शरीरातलं पाणी कमी करतात, मधलं हृदयाचा वेग वाढू देत नाही. पुण्यात पंख्याखाली ही उत्तम औषधं आहेत. चाळीस अंशांत चढ चढताना हीच तुम्हाला चक्कर आणून पाडतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण जाण्याआधी डॉक्टरांना "इंजेक्शन देता का" ऐवजी हे विचारा. इन्सुलिन तंबूत किंवा बंद गाडीत ठेवलं तर खराब होतं. बर्फाला चिकटून ठेवलं तर गोठूनही खराब होतं.

पाण्याबाबतही एक खोच आहे. घाबरून नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि पोटात खारट काही गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, उलटी, बरळणं ही लक्षणं उन्हाच्या झटक्यासारखीच, म्हणून बरोबरचे लोक आणखी पाणी पाजतात. लघवीची गोळी चालू असेल तर हा धोका वाढतो. तेव्हा पिशवीतला चिवडा, खारे शेंगदाणे हे त्या दिवसापुरतं औषध समजा आणि दर तासा-दीड तासाला पाण्याबरोबर थोडं खा.

मात्र तो चिवडा खारीला घालू नका. कॅन्यनमध्ये पर्यटकांना सर्वांत जास्त सतावणारा प्राणी म्हणजे तिथली खडकखार. लोक कौतुकाने दाणे धरतात, ती दाण्याबरोबर बोटही घेते. आपल्याकडे रेबीज म्हटलं की कुत्रा एवढंच डोक्यात बसलं आहे. अमेरिकेत माणसाला होणारा रेबीज बहुतेक वेळा वटवाघळापासून होतो. चावा इतका बारीक असतो की खूणही दिसत नाही. तंबूत वटवाघूळ सापडलं तर "चावलं नसेल" म्हणून झोपी जाऊ नका, दुसऱ्या दिवशी लशीसाठी जा. विंचवाबद्दलही थोडं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून आपल्या लाल विंचवाचे कितीतरी रुग्ण वाचवले, त्यामुळे ती गोळी बरोबर नेऊ का असं विचारणारेही भेटतात. तिथल्या बार्क विंचवाचं विष वेगळ्या तऱ्हेने काम करतं आणि त्याला वेगळी लस आहे. लहान मुलाला तो चावला आणि डोळे गरगर फिरू लागले, हातपाय झटके देऊ लागले, तर तडक इस्पितळ गाठा. एरवी सकाळी बूट झटकून घालणं पुरतं. आणि कोरड्या ओढ्यात, अरुंद घळीत तंबू ठोकू नका. ऑगस्ट १९९७ मध्ये अँटेलोप कॅन्यनमध्ये अकरा माणसं लोंढ्यात गेली. पाऊस त्यांच्या डोक्यावर पडला नव्हता, तो मैलोगणती दूर पडला होता.

इतकं सांभाळलंत की मग बघायला मोकळे. दुपारी साप दगडाखाली असतो, ऊन कलल्यावर आणि रात्री बाहेर येतो. पाणी आणि झुडपं जिथे, तिथे उंदीर, आणि उंदराच्या वाटेवर वेटोळं घालून तो तासन् तास वाट बघतो. दिसला की थांबा, त्याचा खुळखुळा वाजत असेल तर आलात त्याच वाटेने सावकाश मागे व्हा. निदान १५ मीटर अंतर ठेवून दुर्बीण लावा, त्याहून जवळ जायचं काही कारण नाही. मोठ्या प्राण्यांपासून तर निदान ३० मीटर लांब राहावं असं पार्कच सांगतं. नशिबात वळवाची सर असेल तर रॅटलस्नेक वेटोळं चपटं करून अंगावर पडलेलं पावसाचं पाणी पिताना दिसतो. मादी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, आणि त्यांनी पहिली कात टाकेपर्यंत त्यांच्याजवळ राहते. मान वर केलीत तर कॉन्डोर गिधाडही दिसेल. एके काळी जगात वीस-बावीस उरले होते, १९९६ पासून ॲरिझोनात पुन्हा सोडले. शिकारीच्या गोळीतलं शिसं पोटात जाऊन ते मरतात, जशी आपली गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गेली.

मुलांना या सगळ्यासाठी दुर्बीण आणि प्रत्येकाला वेगळी बॅटरी द्या. रात्री लघवीला उठायचं तेव्हा आधी बॅटरी लावा, मग चेन उघडा, मग जमीन बघा, मग पाय बाहेर काढा. चपलेत नाही, बुटात.